डचेसच्या डोक्यावरची होडी

कोरल नोस्केच्या ट्रकच्या डोक्यावर अर्धी होडी का बसवली आहे, हे वेरिंडी गावात आता कुणी विचारत नाही. विचारतात ते बाहेरचे, डिझेल भरायला थांबलेले. गावकरी त्यांना माझ्या घराचा पत्ता देतात आणि वर 'सवडीने जा, मास्तर लवकर सोडत नाहीत' असंही सांगतात. मी कोरलचा नवरा लायल, इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. ही हकिगत मीच एकदा नीट सांगून टाकलेली बरी, कारण बेकरीत जी सांगतात तिच्यात मी एमूच्या पाठीवर बसून गावात आलो असं आहे. मी बसलो नव्हतो. एमू आणि मी फक्त एकाच ट्रकवर होतो, मी आत आणि तो बाहेर.

डचेस म्हणजे आमचा ट्रक. नाकाड पुढे आलेला, लाल, केबिनच्या मागे धूर सोडणाऱ्या दोन उभ्या चकचकीत चिमण्या. माझे सासरे आल्फ झिल्म यांनी तो घेतला, तेव्हा कोरल शाळेत होती. त्यांच्यानंतर तो ती चालवते. वेरिंडीचा गहू बंदरावर पोचवायचं काम या एका घराकडे इतकी वर्षं आहे, की गहू आणि झिल्म हे शब्द इथे एकाच दमात उच्चारले जातात. मी पडलो नोस्के, त्यामुळे या बाबतीत माझी गणती होत नाही. आल्फचं मत असं होतं, की मास्तर माणसाच्या हातात खडू द्यावा, पाना देऊ नये. हे मत त्यांनी आमच्या लग्नाच्या जेवणात, भाषणात, सर्वांसमक्ष मांडलं होतं.

तर, डचेसचा धूर. बंदराकडून परतताना गावाआधी एक चढ लागतो. त्या चढावर डचेस आली, की गव्हाच्या शेतांवर काळा खांब उभा राहायचा. तो बघून बेकरीतल्या लीनर्टबाई मीट पाय, म्हणजे खिमा भरलेल्या खुसखुशीत पेस्ट्र्या, भट्टीत सारायच्या. ट्रक दारात येईपर्यंत पाय तयार. आल्फच्या काळापासूनची ही रीत. धूर दिसला, की लोक म्हणायचे, "आल्फ आला." आल्फ गेल्यावर म्हणायला लागले, "आल्फची पोरगी आली." मी विज्ञानाचा माणूस. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, म्हणजे फुकट गेलेलं इंधन आणि पोरांच्या छातीत जाणारी काजळी, हे मी वर्गात फळ्यावर काढून दाखवत असे. पण खिडकीतून तो खांब दिसला, की फळ्याकडे पाठ करून मीही बघत असे.

आणि मग शेतकरी संघाची सभा झाली. या सुगीपासून बंदरावर जाणाऱ्या प्रत्येक ट्रकची धूर-तपासणी होणार, आणि एका फेरीत किती डिझेल जळलं तेही मोजणार. जो नापास होईल त्याचं काम शहरातल्या एका वाहतूक कंपनीला. त्यांचे पांढरे नवे ट्रक आम्ही सगळ्यांनीच रस्त्यात पाहिले होते. इतके स्वच्छ, की बघताना आपणच आंघोळ करून यायला हवं होतं असं वाटायचं.

"डचेस पास होईल," कोरल घरी आल्यावर म्हणाली आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागली, तेव्हा मी ओळखलं की बाई घाबरली आहे. ती रडत नाही, ओरडत नाही, नुसती भांडी घासते. मी म्हणालो, "मी बघतो."

पुढच्या सगळ्या अनर्थाचं मूळ ते दोन शब्द. पण मी ते आजही परत घेणार नाही.

सकाळपर्यंत बातमी कुंपणापलीकडे गेली होती. शेजारी रॉस कोवाल्ड जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त करून आता निवृत्त झालाय, म्हणजे आता तो फक्त सल्ले दुरुस्त करतो. कुंपणावर कोपरं टेकून तो म्हणाला, "मास्तर, डिझेलमध्ये थोडं रॉकेल घाल."

"धूर कमी होईल?"

"नाही. पण तुझं घालायचं राहिलं, असं पुढे वाटायला नको."

लीनर्टबाईंनी तळणाचं जुनं तेल देऊ केलं. धूर होईलच, पण बटाट्याच्या वासाचा होईल, आणि बटाट्याच्या वासाला नापास करणारा माणूस अजून जन्मला नाही, असं त्यांचं म्हणणं. मी दोघांचेही आभार मानले आणि शास्त्रीय मार्गाने जायचं ठरवलं. शास्त्रात आधी मोजमाप. धूर किती, हे कळल्याशिवाय कमी किती झाला हे कसं कळणार? मी कपाटातली एक पांढरी चादर घेतली, ट्रेलरवर चढलो आणि दोन झाडूंच्या दांड्यांना ताणून ती चिमणीच्या तोंडावर धरली. केबिनमध्ये रॉस. मी त्याला सांगितलं, अ‍ॅक्सिलरेटर हळूच दाब. रॉसने साप ठेचावा तसा दाबला.

चादर माझ्या हातात राहिली नाही. एक झाडू राहिला. चादर चर्चच्या हिरवळीवर उतरली, जिथे महिला मंडळाचा चहा चालू होता, आणि तिच्या मधोमध टरबुजाएवढं काळं वर्तुळ होतं. चादर लीनर्टबाईंनीच आमच्या लग्नात दिली होती, कडेला स्वतःच्या हातचं भरतकाम करून. त्यांनी ती तिथेच ओळखली. मंडळातल्या कुणीतरी ती घडी घालून आणून दिली, वर्तुळ बाहेर ठेवून. मोजमाप मात्र उत्तम झालं होतं, हे मी कुणाला पटवू शकलो नाही.

यानंतर मी हवेकडे वळलो. मोठ्या ट्रकचं अर्धं डिझेल समोरची हवा ढकलण्यात जातं. केबिनच्या टपाच्या वर ट्रेलरची सपाट भिंत उभी असते, हवा तिच्यावर थडकते. टपावर एक उतरतं कवच बसवलं, की हवा वरून निघून जाते. विकतचं कवच महाग. शाळेच्या मागे मात्र नदीवरच्या सहलींची एक हिरवी फायबरची होडी तडा जाऊन पडली होती. मुख्याध्यापकांनी ती 'घेऊन जा, पण मला काही सांगू नका' या अटीवर दिली. मी ती मधोमध कापली आणि अर्धी टपावर उपडी बसवली, टोक पुढे आणि वर. नीट विचार केला तर त्याहून सुरेख आकार सापडणार नाही. पाण्यासाठी केलेला आकार हवेलाही चालतो.

कोरल अंगणात आली. ट्रकभोवती एक फेरी मारली.

"लायल, पपा असते तर..."

"तर काय?"

"काही नाही," ती म्हणाली आणि आत गेली. भांड्यांचा आवाज आला.

ट्रकमध्ये बदल केला, की परवानगी लागते. मी रीतसर अर्ज केला. 'कोणता भाग बसवला' याखाली कारखान्यात बनणाऱ्या भागांची यादी होती आणि शेवटी 'इतर'. मी खोटं कधी लिहीत नाही. लिहिलं, 'अर्धी होडी'. इथे माझा प्रामाणिकपणा नडला. होडी हा शब्द दिसताच कचेरीने तो अर्ज नौका-नोंदणी कचेरीकडे धाडला. त्यांनी मला विचारलं, की नौकेत प्रवासी किती आणि जीवरक्षक जाकिटं किती. मी कळवलं, की नौका ट्रकवर आहे, ट्रक गव्हात आहे, आणि समुद्र इथून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे. उत्तर आलं: किनाऱ्यापासून इतकं दूर जायचं असेल, तर जाकीट सक्तीचं आहे.

गावात माझं नाव 'कॅप्टन' पडलं. वर्गात हजेरी घेताना मागून शिट्टी ऐकू येऊ लागली, बंदरातल्या बोटींसारखी. मी हजेरी पुढे चालू ठेवली. पण कोरलला बेकरीत कुणी 'कॅप्टन कुठे आहेत' विचारलं, तेव्हा तिने 'घरी आहेत, काम करतायत, तुमच्यासारखे पाय खात बसले नाहीत' असं उत्तर दिलं, हे मला लीनर्टबाईंकडून कळलं. मी ते वाक्य त्या दिवशी बऱ्याचदा आठवलं.

इथे थांबलो असतो तर. पण माझा हिशेब सांगत होता, की वजनही कमी करायला हवं. पुढचा बुलबार, म्हणजे जनावर आडवं आलं तर ट्रकचं तोंड वाचवणारा लोखंडी सांगाडा, चांगला दोन-तीन माणसांच्या वजनाचा. शिवाय हवा अडवतो. कोरल शेजारच्या गावी लग्नाला गेली असताना मी रॉसच्या मदतीने तो काढला. वेरिंडीत जन्मलेला, वाढलेला माणूस मी. बुलबार काढून इथल्या रस्त्यावर जाणं म्हणजे काय, ते लहान पोरालाही कळतं. मलाही कळत होतं. पण आकडे फार छान येत होते.

कोरलने परत आल्यावर बघितलं. म्हणाली, "चल. तू पण चल. बघ."

तपासणीच्या आधीची ती आमची चाचणी फेरी. निघाल्याबरोबर समोरून रॉस आपल्या छोट्या गाडीतून आला. इथल्या रिवाजाप्रमाणे दोघांनी रस्त्याच्या मधोमध खिडकीला खिडकी लावून गाड्या उभ्या केल्या आणि बोलायला सुरुवात केली. पावसाबद्दल, मेंढ्यांच्या भावाबद्दल, रॉसच्या मेव्हण्याच्या गुडघ्याबद्दल. इंजिन चालूच. मी घड्याळ पाहिलं, डिझेलचा काटा पाहिला.

"कोरल, गप्पा मारताना इंजिन बंद केलं तर..."

"शिकवताना तू दिवे बंद करतोस का?"

रॉस खिडकीतून म्हणाला, "बंद कर गं, कॅप्टनना लाटांचा आवाज ऐकू दे."

त्यानंतर थोड्याच वेळात, भर उन्हात, उजव्या बाजूच्या गव्हातून एमू आला. कांगारू तरी संध्याकाळची वाट बघतो. हा माझ्याकडे बघत बघत सरळ ट्रकसमोर आला. कोरलने ब्रेक मारला, ट्रक थांबला, पण बुलबार नव्हता, आणि एमू नाकाडावरून सरकत बाजूच्या हवेच्या डब्यावर आदळला. तो डबा म्हणजे इंजिनला जाणारी हवा गाळणारं मोठं पिंप, बॉनेटच्या शेजारी बाहेरच लटकवलेलं. एमू उठला, पिसं झाडली, आणि माझ्याकडे असा बघून गेला की मला अजून त्याची लाज वाटते. त्याला काही झालं नव्हतं. डब्याचं झाकण मात्र रस्त्यात लोळत होतं.

मी खाली उतरून डब्यात हात घातला. गाळणीच्या पुढे, हवा आत येते त्या तोंडावर, काहीतरी ताणून बसवलेलं होतं. धुळीने पापडासारखं कडक. मी ओढलं. ते लांबत गेलं. बायकांचा पायात घालायचा लांब मोजा होता, एके काळी तपकिरी.

"कोरल," मी म्हणालो, "इंजिनचा गळा आवळलाय कुणी तरी. हवाच पुरत नाहीये त्याला. म्हणून धूर, म्हणून डिझेल. मोजा आहे हा."

"माहिताय."

"तुला माहीत होतं?"

ती पायरीवर बसली. "आईचा आहे. धुळीच्या त्या वर्षी गाळण्या संपल्या होत्या. पपा रस्त्यात अडकले. आई शेजारी बसली होती, चर्चला जायचे कपडे घालून. तिने तिथेच मोजा काढून दिला. पपा तो धूळ झटकून दर वेळी पुन्हा लावायचे. मीही लावते."

"पण गाळणी तर आता मिळते ना गं."

"मिळते. ती बदलते, आणि मोजा परत लावते." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तो धूर दिसला की लोक 'आल्फ आला' म्हणतात. लायल, मी अठरा चाकं चालवते, पण तो चढ चढताना दर वेळी मी पपांच्या शेजारी बसलेली असते."

 मी होडी कापली, चादर काळी केली, बुलबार काढला, नौका-कचेरीशी भांडलो, आणि माझी बायको हे सगळं भांडी घासत बघत होती. रागवावं असं वाटत होतं. पण मला तिचा अभिमानच वाटला. मी मोजा तिच्या हातात दिला आणि म्हणालो, "तुझा ट्रक आहे. तू ठरव."

 मग तिने मोजा झटकला, घडी घातली, आणि केबिनमधल्या आरशाला गाठ मारून लटकवला. "इथून तो कुणाची हवा अडवणार नाही," ती म्हणाली.

मला नोंदवून ठेवायचं आहे, की बुलबार काढला नसता तर एमू डब्यापर्यंत पोचला नसता, आणि मोज्याचा विषय निघाला नसता. संशोधन असंच होतं. रॉसला हे पटत नाही. बुलबार आम्ही त्याच दिवशी परत लावला.

तपासणीला ट्रेंगोव्हबाई नावाच्या अधिकारी आल्या, शहरातून, हातात धूर मोजायचं यंत्र आणि काखेत माझी फाईल. त्यांनी आधी होडीकडे पाहिलं, मग फाईलकडे. "होडी ठीक बसवली आहे. पण ही फाईल बंद करायला मला जाकीट दिसायला हवं." मी शाळेतून जाकीट आणून कोरलच्या सीटमागे टांगलं. बाईंनी खूण केली. गव्हाच्या रानात जीवरक्षक जाकीट घेऊन फिरणारा देशातला एकमेव ट्रक आमचा आहे, असं मला वाटतं.

धूर आणि इंधन दोन्हींची मोजणी त्याच दिवशी बंदरावर व्हायची होती, म्हणून बाई आपल्या गाडीने पुढे गेल्या. बंदरावर धान्याच्या कोठ्यांपुढे ट्रकांची भलीमोठी रांग, आणि सगळ्यांची इंजिनं चालू. पांढऱ्या ट्रकांचे चालक काचा वर करून थंड हवेत बसले होते. मी कोरलकडे पाहिलं. "बंद कर."

"पपा म्हणायचे, कोठ्यांपुढे कधी बंद करायचं नाही. परत चालू झाली नाही, तर मागच्या सगळ्या रांगेपुढे शोभा."

"आज जळतंय ते सगळं मोजतायत."

तिने आरशाकडे पाहिलं. मग किल्ली फिरवली. डचेस गप्प झाली. ती गप्प झालेली मी कधी ऐकली नव्हती, निदान घराबाहेर. मागचा चालक खिडकीतून डोकावून म्हणाला, "गेली का म्हातारी?" कोरल म्हणाली, "झोपलीय. तू पण झोपव तुझी." आम्ही खाली उतरून ट्रकच्या सावलीत थर्मासमधला चहा प्यायलो. हळूहळू जुन्या ओळखीच्या दोघा-तिघांनी इंजिनं बंद केली आणि चहाला आले. पांढरे ट्रक घुरघुरत राहिले.

रांग सरकली. कोरल वर चढली. किल्ली फिरवली. स्टार्टर कण्हला आणि थांबला. पुन्हा फिरवली. पुन्हा कण्हला. रांगेतले लोक खाली उतरून बघायला लागले. हिचं सगळं आयुष्य या एका किल्लीवर अडकलंय, आणि बंद कर म्हणणारा मी होतो.  कोरलने डॅशबोर्डवर हात ठेवला, खालच्या आवाजात काहीतरी म्हणाली, आणि तिसऱ्यांदा किल्ली फिरवली.

डचेस गरजली. रांगेतल्या सगळ्यांनी सवयीने चिमण्यांकडे वर पाहिलं. वर काहीच नव्हतं. नुसतं आभाळ आणि हिरवी होडी.

ट्रेंगोव्हबाईंच्या यंत्राने तिला पास केलं. इंधनातही ती मर्यादेत बसली, आणि दिवसभर गार हवेत बसलेल्या पांढऱ्या ट्रकांतला एक तिच्या मागे राहिला. वेरिंडीचा गहू झिल्मांच्याच ट्रकमधून जाणार, हे तिथल्या तिथे ठरलं. मला इतका अभिमान वाटला, की मी ट्रेंगोव्हबाईंना मिठी मारली. त्यांनी ते फाईलमध्ये लिहिलं नाही.

पण परत येताना चढ चढला आणि बेकरीपुढे थांबलो, तर पाय तयार नव्हते. लीनर्टबाई दारात येऊन हात पुसत म्हणाल्या, "अगं, तू कधी आलीस? दिसलीच नाहीस." कोरल 'असू दे' म्हणाली. घरी येऊन भांडी घासायला बसली. मी फडकं घेऊन शेजारी उभा राहिलो आणि पुसत राहिलो. त्या रात्री आमची भांडी फार स्वच्छ झाली.

पुढच्या आठवड्यात माझा शेवटचा तास चालू होता. खिडकीशी बसणारी एक मुलगी मध्येच म्हणाली, "सर, होडी." मी पाहिलं. चढाच्या पलीकडून, ट्रक दिसायच्या कितीतरी आधी, गव्हाच्या वर होडीचं हिरवं टोक आलं होतं. ते हळूहळू वर आलं आणि मग खाली लाल डचेस आली. पलीकडे बेकरीच्या दारात लीनर्टबाई उभ्या होत्या. त्यांनी कपाळावर हात धरून एकदा पाहिलं आणि लगबगीने आत गेल्या. भट्टीचं दार उघडल्याचा आवाज मला वर्गापर्यंत ऐकू आला.

संध्याकाळी कोरलने डचेस अंगणात आणली आणि लगेच इंजिन बंद केलं. हल्ली ती करते. हातात लीनर्टबाईंची गरम पिशवी होती. खाली उतरून ती ट्रककडे पाठ न करता उभी राहिली, वर बघत.

"पपांना आवडली असती," ती म्हणाली.

मी छाती पुढे काढून ताठ उभा राहिलो. 

"होडी म्हणतेय मी," ती म्हणाली. "तू नाही."

आल्फ झिल्मकडून मला इतकं कधीच मिळालं नव्हतं. मी चहा टाकायला आत गेलो.